कोलोनोस्कोपी नॉर्मल, तरी पोट साफ होत नाही. आता ट्रान्झिट स्टडी आणि मॅनोमेट्री कशाला?

मानेवाडा_मॅडम यांचा प्रश्न

नमस्कार. विषय अवघड आहे, पण इथे खरं नाव लागत नाही म्हणून लिहिते. वय ४३, नागपूरलाच शाळेत शिकवते. पोट साफ न होण्याचा त्रास कॉलेजपासून आहे, पण गेल्या दोनेक वर्षांत फार वाढला. आठवड्यातून दोनदा, तेही खूप कुंथून. जाऊन आल्यावरही अजून आत राहिलंय असंच वाटत राहतं. कधीकधी बोटानं दाबून मोकळं करावं लागतं. हे घरी कोणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी थेट विचारलं म्हणून त्यांना सांगितलं, आणि आता तुम्हाला.

थायरॉइड, शुगर, कॅल्शियम, हिमोग्लोबिन सगळं ठीक. कोलोनोस्कोपी झाली, तीही नॉर्मल. मला वाटलं सुटले. तर रामदासपेठेतल्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या: "कोलॉनिक ट्रान्झिट स्टडी" आणि "अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री व बलून एक्सपल्शन". बाहेर रांग होती, त्यामुळे नीट विचारता आलं नाही.

आमचे हे म्हणतात, सगळं नॉर्मल निघालं तर आणखी पैसे कशात घालतेस. सासूबाई म्हणतात एरंडेल घे आणि गप्प बस. कोणी या तपासण्या करून घेतल्या आहेत का? खरंच गरज असते का? आणि मॅनोमेट्रीत नेमकं काय करतात? नावावरूनच नको वाटतंय.

इतवारी_किराणा

ताई, तपासण्यांच्या नादी लागू नका. रात्री कोमट पाण्यात दोन चमचे इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास पाणी. आपल्या इकडचा उन्हाळा म्हणजे ४५ डिग्री, आणि शाळेत तुम्ही मास्तर लोक बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. आमच्या दुकानात येणाऱ्या सगळ्या मॅडमचं हेच आहे. आणि रविवारी सकाळी झणझणीत तर्री पोहे. त्यानंही नाही झालं तर मग डॉक्टरकडे जा.

एक्सरेवाले_काका

ताई, तुमच्या यजमानांना सांगा, डॉक्टर बरोबर दिशेनं चालले आहेत. मी डॉक्टर नाही. एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरीला लागलो, शेवटची काही वर्षं एका मोटिलिटी लॅबमध्ये, म्हणजे आतड्याची चाल मोजतात तिथे, मशीनवर काढली, आता रिटायर होऊन त्रिमूर्तीनगरात घरी असतो. औषध सांगणार नाही. मशीनच्या बाजूनं काय दिसते तेवढं सांगतो.

कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर दिसते. गाठ, पॉलिप, जखम, सूज. आतडं चालते कसं ते त्यात दिसत नाही, दिसूच शकत नाही. आदल्या दिवशी पावडर पिऊन तुम्ही ते धुऊन रिकामं केलं, मग झोपेचं इंजेक्शन झालं, वरून आत हवा भरली. व्हेरायटी चौकात जाम का लागते हे शोधायला कोणी रात्री ३ वाजता चौकाचा फोटो काढला तर काय दिसेल? रस्ता चांगला आहे, खड्डा नाही. बस. तेवढं कळणंही गरजेचं होतंच. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन घसरलं असेल, पन्नाशीच्या आसपास सवय एकाएकी बदलली असेल, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर पहिले तेच पाहावं लागते. तुमचं ते पाहून झालं. चाल मोजायची राहिली आहे.

ट्रान्झिट स्टडीत एक्स-रेत दिसणाऱ्या बारीक प्लास्टिकच्या रिंगा कॅप्सूलमधून गिळायला देतात. त्या पचत नाहीत, विरघळत नाहीत, संडासवाटे निघून जातात. मधे एक्स-रे काढून मोजायचं की किती उरल्या आणि कुठे उरल्या. पाश्चात्त्य पद्धत अशी: २४ रिंगांची एक कॅप्सूल, पाचव्या दिवशी पोटाचा एक एक्स-रे, ५ पेक्षा जास्त उरल्या तर आतडं संथ.

इथे एक भानगड आहे, आणि नागपुरात ती विचारून घ्यायलाच पाहिजे. आपल्या लोकांचं आतडं मुळात युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा जोरात चालते. पाचव्या दिवशीपर्यंत थांबलं तर बहुतेकांचा फोटो कोरा येतो, आणि जो आपल्या मानानं खरंच संथ आहे तोही त्यात नॉर्मल म्हणून सुटून जातो. म्हणून लखनौच्या संजय गांधी पीजीआयमध्ये आपल्या लोकांसाठी वेगळी पद्धत बसवली, २००७ साली ती छापून आली. त्यात शून्य, १२ आणि २४ तासाला २०-२० मार्कर, म्हणजे तशाच रिंगा, गिळायचे, एकूण ६०. एक्स-रे ३६ तासाला आणि ६० तासाला. उरलेल्यांची हद्द ३६ तासाला साधारण ३० आणि ६० तासाला साधारण १४, त्याच्या वर संथ. तुमच्या सेंटरला फोन करून विचारा की कोणती पद्धत आहे. "पाच दिवसांनी या" म्हणाले तर तसं डॉक्टरांच्या कानावर घाला.

आकड्याइतकीच जागा महत्त्वाची. फोटोत पाठीचा कणा मधोमध असतो. कण्याच्या उजवीकडे पडलेल्या रिंगा वेगळ्या मोजायच्या, डावीकडच्या वेगळ्या, खाली ओटीपोटातल्या वेगळ्या. सगळीकडे विखुरलेल्या असल्या तर आख्खं आतडं आळशी असण्याचा संशय. सगळ्या खालीच गोळा झालेल्या असल्या तर बाहेर पडायच्या जागी अडचण असण्याचा संशय. फक्त संशय बरं का! फोटोवरून कोणी तुम्हाला पक्कं निदान सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणि मला विचाराल तर तुमच्या बाबतीत ही तपासणी नंबर दोनची आहे. जाऊन आल्यावर राहिल्यासारखं वाटणं, बोटाची मदत लागणं, हे ऐकलं की लॅबमध्ये आम्ही पहिले मॅनोमेट्रीकडे पाहायचो. कारण सांगतो. कुंथताना ज्या स्नायूनं सैल पडायचं तोच उलटा आवळला जात असेल तर मल खाली अडून राहते आणि त्याच्या मागचं सगळंच हळू होते. अशा बऱ्याच जणांचा ट्रान्झिटही संथ येतो. रिपोर्टवर "स्लो ट्रान्झिट" वाचून माणूस वर्षानुवर्षं गोळ्या खात राहते, आणि खालचा स्नायू कोणी तपासलेलाच नसतो. तो स्नायू सुधारला की पुष्कळांचा ट्रान्झिटही सुधारतो.

इतवारीवाले भाऊ, इसबगोलावर माझा राग नाही. सुरुवात त्यानंच करतात आणि साध्या बद्धकोष्ठाच्या बहुतेकांचं त्यानं भागतेही. पण जर्मनीत १९९७ साली १४९ रुग्णांना इसबगोल देऊन पाहिलं होतं. तपासणीत काही दोष न सापडलेल्यांपैकी ८५ टक्के सुधारले. ज्यांचं आतडं संथ होतं त्यांच्यातले ८० टक्के आणि ज्यांची बाहेर पडायची क्रियाच बिघडलेली होती त्यांच्यातले ६३ टक्के लोकांना काहीच फरक पडला नाही. मॅडमनी इतक्या वर्षांत इसबगोल घेतलंच नसेल असं वाटते का तुम्हाला?

मानेवाडा_मॅडम

काका, मनापासून आभार. डॉक्टरांकडे जे पाच मिनिटांत विचारता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत. इसबगोल किती डबे संपवले त्याचा हिशोब इतवारीवाल्यांच्या दुकानातच सापडेल! घेतलं की पोट फुगून टम्म, बाकी काही नाही.

व्हेरायटी चौकाचं यांना वाचून दाखवलं. हसले, पण पटलं असावं. आता मॅनोमेट्रीचं सांगा ना. दुखतं का? भूल देतात का? खोलीत कोण असतं?

एक्सरेवाले_काका

भूल देत नाहीत, देऊन चालतच नाही. तुम्ही जागं राहून सांगितलेलं करायला पाहिजे, तेव्हाच मोजमाप होते. दुखत नाही, विचित्र वाटते. लाज वाटते, ती सगळ्यांनाच वाटते.

डाव्या कुशीवर गुडघे दुमडून झोपवतात. पेन्सिलीहून बारीक अशी नळी गुदद्वारातून थोडी आत सरकवतात. नळीवर दाब मोजणारे सेन्सर असतात आणि टोकाला लहानसा फुगा. मग मी सांगायचो: काही करू नका, शांत पडा. आता गॅस दाबून धरता तसं आवळा. आता खोका. आता संडासला बसल्यासारखा जोर करा. स्क्रीनवर रंग बदलतात. जोर करताना मलाशयातला दाब वाढायला पाहिजे आणि त्याच क्षणी गुदद्वाराचा दाब उतरायला पाहिजे. काहींचा तो उतरण्याऐवजी चढतो. काहींचा जोरच पुरत नाही. माणसाला स्वतःला हे अजिबात कळत नसते, ते प्रामाणिकपणे जोर करत असते.

टोकाचा फुगा हळूहळू फुगवून पाहतात की कितीला जाणीव होते, कितीला जावंसं वाटते, कितीला सहन होत नाही. वर्षानुवर्षं वेग मारून धरणाऱ्यांची जाणीव कधीकधी बोथट झालेली सापडते. ताई, तुम्ही शाळेत तासामागून तास घेता, तुमच्या लक्षात आलं असेल मी काय म्हणून राहिलो ते.

शेवटी बलून एक्सपल्शन. फुग्यात ५० मिली पाणी भरून आत ठेवतात, तुम्हाला एकटीला कमोडवर बसवतात, दार लावून घेतात. साधारण मिनिटाभरात बाहेर आला तर ठीक, काही लॅब दोन मिनिटं धरतात. इतकी स्वस्त आणि साधी तपासणी आहे, तरी माझं मत विचाराल तर पूर्ण मशीनपेक्षा ही जास्त कामाची. कारण कुशीवर पडून, अनोळखी माणसासमोर, हुकुमावर जोर करणं कोणाला जमते? चांगल्या धडधाकट माणसांचे आलेखही लॅबमध्ये पुष्कळदा बिघडलेले दिसतात. म्हणून समजदार डॉक्टर एकट्या आलेखावर निदान ठरवत नाहीत. आलेख, फुगा, डॉक्टरांनी बोटानं केलेली तपासणी आणि तुमचं म्हणणं, हे जुळलं तर ठरवतात.

खोलीत बाई टेक्निशियन पाहिजे असं अपॉइंटमेंट घेतानाच स्पष्ट सांगा. आमच्याकडे सिस्टर असल्याशिवाय मी बायकांची तपासणी सुरूच करत नव्हतो. नसेल म्हणाले तर दुसरा दिवस मागा. तो तुमचा हक्क आहे.

नंदनवन_७७

मॅडम, माझं हे सगळं झालंय. मी पुरुष, वय ५५, सरकारी नोकरी. मॅनोमेट्रीत डिससिनर्जिया निघाला, म्हणजे काका म्हणतात ते, सैल सोडायच्या वेळी आवळणं. फुगा बाहेर आलाच नाही. बसून बसून घाम फुटला पण नाही आला.

त्यावर बायोफीडबॅक दिलं. गोळ्या नाहीत, ऑपरेशन नाही. तीच नळी, समोर स्क्रीन, आणि तुम्ही जोर करता तेव्हा तुमचा स्नायू काय करतोय ते तुम्हालाच दिसतं. पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं तेव्हा थक्क झालो, मी सोडतोय म्हणत होतो आणि रेघ वर चालली होती. मग पोटानं श्वास घेणं, पोट पुढे ढकलून जोर करणं, खालचं सैल सोडणं असं शिकवलं. पायाखाली स्टूल घ्यायला सांगितलं, गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो. आम्ही लहानपणी उकिडवे बसायचो तेच. घरात इंग्रजी कमोड आल्यावर माझं जास्त बिघडलं असं मला वाटतं, पुरावा काही नाही.

काही आठवडे जावं लागलं. आता इसबगोलावर नीट चालतं, आधी तेच इसबगोल निरुपयोगी वाटायचं. एका ठिकाणी मला आधी सरळ "मनाचा आजार आहे" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली होती, आणि त्या गोळीनं आणखी घट्ट झालं.

फिजिओ_मास्तर

काकांनी उत्तम सांगितलंय. मी मेडिकलच्या पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, थोडी भर घालतो. मॅडमना उपयोग कमी, पण विषय निघालाच आहे तर.

दरवर्षी वर्गात विचारतो, मोठं आतडं दिवसभर काय करतं? उत्तर ठरलेलं: "सर, मल पुढे ढकलतं." नाही ढकलत. बहुतेक वेळ ते मळत असतं, पाणी शोषत असतं, आणि चक्क मागे सरकवत असतं. अमेरिकेत वॉल्टर कॅनननं १९०२ साली मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन एक्स-रेच्या पडद्यावर पाहिलं, तेव्हाच त्याला मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उलट्या दिशेच्या लहरी दिसल्या होत्या. मग १९०९ साली व्हिएन्नात होल्ट्झनेख्टला माणसाच्या आतड्यात दुसरीच गोष्ट दिसली: बराच वेळ सगळं निपचित, आणि एकाएकी आतला सगळा ऐवज एका झटक्यात पुढच्या भागात जाऊन पडतो. ही सामूहिक हालचाल. नळी घालून दाब मोजायला लागल्यावर कळलं की तिच्यामागे जोरदार लहरी असतात, १०० मिलिमीटर पाऱ्याच्याही वर जाणाऱ्या, लांबवर धावणाऱ्या, आणि निरोगी माणसात दिवसाला सरासरी सहाच्या आसपास. झोपेत जवळपास नाहीतच. उठल्यावर आणि जेवल्यावर येतात. तर्री पोह्यांनंतर पळावं लागतं ते यामुळे. जठर भरलं की मोठ्या आतड्याला इशारा जातो. जेवणात उष्मांक आणि तेल जास्त असलं तर तो इशाराही जोरदार, आणि तर्रीवर काय तरंगतं ते तुम्हाला माहीतच आहे.

रिंगांची पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलची, १९६९ सालची. हिंटन, लेनार्ड-जोन्स आणि यंग. पाचव्या दिवसापर्यंत ८० टक्के मार्कर बाहेर, हा निकष तिथून आला. काकांचे "२४ पैकी ५" म्हणजे तेच २० टक्के. त्यांनी तो बसवला निरोगी पुरुषांवर. १९८७ साली मेयो क्लिनिकनं (अमेरिकेतलं. आपल्या रेल्वे स्टेशनजवळच्या मेयोचा संबंध नाही, हेही दरवर्षी सांगावं लागतं) ७३ निरोगी लोकांत भागवार वेळ काढली. मोठ्या आतड्याची सरासरी ३५ तास, उजवा भाग, डावा भाग आणि खालचा भाग यांत जवळपास सारखी विभागलेली. आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त वेळ लागत होता. पुरुषांवर बसवलेल्या निकषात बायका सरसकट बसवताना हे विसरायचं नसतं.

खरी मजा अलीकडची आहे. आतड्यात लांब नळी घालून तासन् तास दाब मोजायचा ही कोलॉनिक मॅनोमेट्री. मॅडम, तुमची ही नाही, घाबरू नका. ती फार थोड्या ठिकाणी होते, आतडं काढायचं ऑपरेशन डोक्यात असलं तर, किंवा लहान मुलांत. जुन्या नळ्यांवर सेन्सर एकमेकांपासून ७ ते १० सेंटिमीटर दूर असायचे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला फिल डिनिंग आणि मंडळींनी ऑप्टिकल फायबरची नळी बनवली, दर सेंटिमीटरला सेन्सर. तीच नोंद विरळ सेन्सरनं वाचून पाहिली तर कितीतरी लहरी दिसेनाशा झाल्या, काहींची तर दिशाच उलटी वाचली गेली! म्हणजे आम्ही ज्या आकड्यांवर पुस्तकं वाचत आलो त्यांतले बरेच नळीच्या अंतराचे होते, आतड्याचे नव्हते.

जवळ जवळ सेन्सर लावल्यावर दिसलं की जेवणानंतर डाव्या आणि शेवटच्या भागात मिनिटाला २ ते ६ अशा लयीत लहरी वाढतात, आणि त्यांतल्या बहुतेक मागे जाणाऱ्या. मलाशय सारखं भरू नये म्हणून तो ब्रेक असावा. संथ आतड्याच्या रुग्णांत जेवणानंतरची ही वाढच आढळली नाही. ज्यांचं आतडं शेवटी काढावं लागलं त्यांचं काढलेलं आतडं प्रयोगशाळेत जिवंत ठेवून तपासलं, तर त्यात लहरी चांगल्याच उमटत होत्या. मग बिघाड आतड्याच्या भिंतीत की बाहेरून येणाऱ्या नसांच्या संदेशात? दुसरीकडे अशाच रुग्णांच्या आतड्यात काहालच्या पेशी, म्हणजे लय देणाऱ्या पेशी, कमी झालेल्याही सापडल्या आहेत. मी स्वतः नसांच्या बाजूला झुकतो. पार्किन्सन्समध्ये हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू झालेलं असू शकतं, हे त्याच दिशेला बोट दाखवतं.

काटोल_रोड

मास्तर, थोडं विषयांतर. माझ्या बाबांचं मागे खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं, आणि दोन दिवसांत पोट ढोलासारखं फुगलं. हवा नाही, शौच नाही. सगळे म्हणाले आतड्याला पीळ पडला, आता पोट फाडावं लागेल. सीटी काढला तर अडथळा कुठेच नाही! मग आयसीयूत एक इंजेक्शन दिलं, मॉनिटर लावून, आणि थोड्या वेळातच सगळं मोकळं झालं. नर्सला पळापळ करावी लागली. हे काय होतं ते आजवर कोणी समजावलं नाही.

फिजिओ_मास्तर

वर्णनावरून ऑगिल्व्ही सिंड्रोम वाटतो, सर हेनेज ऑगिल्व्ही यांनी १९४८ साली लिहिलेला. अडथळा नसताना मोठं आतडं संप पुकारतं आणि फुगत जातं. वयस्क माणूस, हाडाचं मोठं ऑपरेशन, पडून राहणं, अफूच्या जातीची वेदनाशामकं, रक्तातलं पोटॅशियम घसरणं, यांत होतं. आतड्याची सुरुवातीची पिशवी १२ सेंटिमीटरच्या वर फुगली तर फाटायची भीती असते, म्हणून सगळे घाबरलेले असतात. इंजेक्शन बहुधा निओस्टिग्मिन. १९९९ साली त्याची नीट चाचणी झाली: औषध मिळालेल्या ११ पैकी १० जणांचं पोट लगेच मोकळं झालं, खोटं इंजेक्शन दिलेल्या १० पैकी एकाचंही नाही. हृदयाचे ठोके एकदम मंद होऊ शकतात, म्हणून मॉनिटर.

इतवारी_किराणा

तर्रीचं बरोबर निघालं म्हणा.

मानेवाडा_मॅडम

हो, तर्रीचे गुण तुम्हाला दिले.

नंदनवन भाऊ, तुम्ही लिहिलंत ते वाचून खूप धीर आला. "मी सोडतोय म्हणत होतो आणि रेघ वर चालली होती" हे माझंच वाटलं. मॅनोमेट्रीची अपॉइंटमेंट आज घेतली, बाई टेक्निशियन आहे असं सांगितलं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले दोन्ही करून घ्या पण मॅनोमेट्री आधी करायला हरकत नाही.

सेंटरमध्ये ट्रान्झिटची ३६ आणि ६० तासांचीच पद्धत आहे. आता शेवटची अडचण. शाळा सकाळची आहे आणि परीक्षा जवळ आल्या, सुटी मिळणार नाही. सेंटर रविवारी बंद. शुक्रवारी सकाळी ८ ला सुरू करा म्हणाले, पण मी मोजलं तर दुसरा एक्स-रे रविवारी रात्री येतो. काका, कसं बसवू? आणि हिमोग्लोबिनसाठी मधे सुरू केलेल्या लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत, त्या थांबवू का?

एक्सरेवाले_काका

फोन उचलणाऱ्या पोरानं मोजलं नसेल. बुधवारी सुरू करा. बुधवारी सकाळी ६ ला पहिली खेप, शाळेत निघायच्या आधी. संध्याकाळी ६ ला दुसरी. गुरुवारी सकाळी ६ ला तिसरी. गुरुवारी संध्याकाळी ६ ला पहिला फोटो, शुक्रवारी संध्याकाळी ६ ला दुसरा. एकही तास बुडत नाही. कॅप्सूल आदल्या दिवशी घरी आणून ठेवा, आणि सेंटर सहापर्यंत उघडं असते का ते पक्कं करा. अर्धा-एक तास इकडेतिकडे झाला तर आभाळ कोसळत नाही, पण खरी वेळ फोटोवर लिहायला लावा.

लोहाच्या गोळीनं घट्ट होते हे खरं. थांबवायची की नाही ते डॉक्टर सांगतील, तुम्ही मनानं थांबवू नका. कॅल्शियमची गोळी, बीपीची, दुखण्याची, जी काही घेता ती चिठ्ठीवर लिहून न्या. त्या तीन दिवसांत जुलाबाची गोळी, एरंडेल, त्रिफळा काहीच नाही, सासूबाईंनी आग्रह केला तरी. पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या आधी सांगायचं. संडासला गेलात तर वेळ लिहून ठेवा, आणि कसं झालं तेही. गोळ्या गोळ्या, की नरम, की पातळ. ब्रिस्टलचा सात चित्रांचा तक्ता मिळते, त्यातला नंबर लिहिला तरी पुरे. घट्ट गोळ्या म्हणजे आत फार वेळ राहिलं, हे डॉक्टरांना फोटोच्या आधीच कळते.

आणि कॅलेंडर पाहून घ्या, त्या आठवड्यात एकादशी नाही ना. असली तर पुढचा बुधवार.